विटेचे अंतर



दिव्यात हरिपाठ आटोपल्यावर एका माउलींनी आम्हांस विचारले, "महाराज, खोकला झाला म्हणून मास्क लावून नाम घेतलं, तर देवाला पोचतं का हो? आन् माळकऱ्याच्या पाया न पडता लांबनंच हात जोडले, तर दोष नाही ना लागत?"

प्रश्न साधा, पण मोलाचा. ह्याचे उत्तर पुंडलिकाने आधीच देऊन ठेविले आहे. साक्षात परब्रह्म दारी आले, तरी तो धावत जाऊन पाया पडला नाही. म्हाताऱ्या आईबापांची सेवा चालली होती. त्याने वीट फेकली आणि देवाला लांबच थांबविले. देव रागावला काय? छे! तो आजही तेथेच उभा आहे.

आता आपले पाहा. सकाळी दिव्याहून लोकल धरायची म्हणजे शेजाऱ्याचा श्वास आपल्या मानेवर. फ्लू, करोना ह्याच वाटेने येतात. खोकताना, बोलताना, मोठ्याने गाताना तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब चार हातांच्या आत खाली पडतात. बारीक कण मात्र कोंदट खोलीत कितीतरी वेळ तरंगतात. म्हणून अंतर राखावे, आणि खिडक्याही उघडाव्यात. मास्क आजाऱ्याचे कण अडवितो, निरोग्यालाही आडोसा देतो. पण नाक झाकलेले हवे, कडेला फट नको.

२०२०-२१ साली बांगलादेशातील सुमारे ६०० गावांत ह्याची पारख झाली. मास्क वाटून समजाविले, तेथे शंभरांत ४२ जण तो नीट लावू लागले. इतर गावांत १३. ज्या गावांत दवाखान्यातले मास्क वाटले, तेथे लक्षणांसह करोना शेकडा ११ने कमी आढळला, साठीपुढच्यांत तर ३५ने. कापडी मास्कांचा गुण तितका स्पष्ट दिसला नाही. म्हणजे मास्क ही कर्णाची कवचकुंडले नव्हेत. पण म्हाताऱ्यांना त्याचा आधार खरा.

२०२०च्या आषाढीस पायी वारी झाली नाही. पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी.ने पंढरीस गेल्या. २०२१ सालीही तसेच. २०२२ साली दिंड्या पुन्हा पायी निघाल्या. मधली दोन वर्षे जिवाला चटका लावून गेली, पण वारी मोडली असे आम्ही मानीत नाही. देव विटेवर थांबला, तसे आपण उंबऱ्याआड थांबलो, इतकेच.

एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली. सक्ती गेली म्हणून विवेकही जावा काय? ताप-खोकला असेल तर भजनास येऊ नका, घरीच नाम घ्या. बाहेर पडणे भागच असेल तर मास्क लावा. खोकला दोन आठवडे हटला नाही, तर सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी करून घ्या.

माउली, देवाला मनातले नामही ऐकू जाते, मग कापडाची काय कथा! चाळीतल्या एका खोलीत तुमच्याजवळच तुमची म्हातारी माणसे निजतात. त्यांच्यासाठी चार हात लांब राहिलात, तर ती पुंडलिकाचीच सेवा झाली. दोष कसला? विठ्ठल त्यातच प्रसन्न आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!