शेजारचा रंग

गोधडी शिवायला बसलेली बाई आधी बराच वेळ सुई हातात घेतच नाही. जुन्या लुगड्यांचे, परकरांचे, खणांचे तुकडे पुढ्यात पसरून ती एकाशेजारी दुसरा ठेवते, जरा मागे सरून बघते, उचलते, दुसरीकडे नेते. आमसुली तुकडा काळ्या चंद्रकळेला लागून ठेवला तर दिसेनासा होतो. तोच हळदी पिवळ्याशेजारी आला की उठून दिसतो. कापड तेच, रंग तोच. बदलतो तो शेजार.

शेजाराचे हेच कोडे पॅरिसमध्येही पडले होते. तिथे गोब्लँचा प्रसिद्ध विणकाम-कारखाना होता. 1824 मध्ये मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगशाळेचा प्रमुख झाला. काळ्या रंगाला जोर नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने काळी लोकर तपासली, इतर ठिकाणच्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात काही खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या सोबतीत तो काळा फिका वाटत होता, एवढेच. याच शोधातून 1839 मध्ये रंगांच्या परस्परविरोधावरचा त्याचा मोठा ग्रंथ आला. पुढे चित्रकारांनी तो आवडीने वाचला. एका तक्रारीचा इतका मुळाशी जाऊन विचार करणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

हे सगळे मुलांना कळावे यासाठी रंगपेटीपेक्षा कागद बरा. कलाशिक्षक जोसेफ आल्बर्स आपल्या विद्यार्थ्यांना रंगांचे धडे रंगीत कागदांवरच द्यायचा, कारण कागद हलवता येतो आणि त्याचा रंग जसाच्या तसा राहतो. घोटीव कागदातून राखाडी रंगाचे दोन सारखे चौकोन कापा. एक काळ्यावर ठेवा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा गडद. दोन्ही एकाच कागदाचे आहेत हे मुलांना सांगून पटत नाही. ती चौकोन उचलून एकमेकांवर ठेवून बघतात. तो क्षण मास्तरांनी घाईत घालवू नये.

इथे एक गैरसमज मात्र हमखास आडवा येतो. लाल, हिरवा, जांभळा असे सगळे भडक रंग एकत्र आणले की विरोध साधला, असे आपण धरून चालतो. डोळे किलकिले करून पाहिले तर गडद लाल आणि गडद हिरवा यांची सीमारेषा पुसट होते, कारण दोघांचा गडदपणा जवळपास सारखाच असतो. नक्षी दिसते ती मुख्यतः उजळ आणि गडद यांच्या फरकामुळे. अमेरिकेतल्या गोधड्यांत ‘लॉग केबिन’ नावाची जुनी रचना आहे: मध्ये लहानसा चौकोन, बऱ्याचदा लाल, आणि त्याभोवती वाढत जाणाऱ्या पट्ट्या. लगतच्या दोन बाजूंना उजळ पट्ट्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. त्यामुळे प्रत्येक चौकट कर्णरेषेवर दुभंगल्यासारखी दिसते. अशा 16 चौकटी मांडून नुसत्या फिरवत गेले, तर कधी शंकरपाळे उमटते, कधी तिरपे पट्टे. पट्टी एकही बदलावी लागत नाही.

आपल्या शाळांतल्या चिकटकामात नेमके हेच हरवते. कुठल्या चौकोनात कोणता रंग, हे आधीच छापून दिलेले असते आणि मूल फक्त डिंक लावते. निवडीचा सगळा आनंद दुसऱ्याच कुणीतरी घेऊन टाकलेला असतो. हे बरोबर नाही.

येत्या रविवारी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका, मासिकांची मुखपृष्ठे, मिठाईच्या खोक्यांचे कागद काढा आणि मुलांना त्यांची कागदी गोधडी मांडू द्या. मांडणी चार वेळा मोडली तरी मोडू द्या. आणि तोवर डिंकाची बाटली तुमच्याजवळच ठेवा.