रुग्णसेवा हाच धम्म



अतिसाराने मळात पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी पाहीना. भगवान बुद्धांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले. दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजविले.

विनयपिटकात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत: औषध करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस नसावी आणि धम्मवचनाने धीर द्यावा. म्हणजे देहाबरोबर मनही सांभाळावे.

१९२७ साली महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा आपला स्पर्श विटाळ मानला जाई. तो अपमान सोसलेल्यांच्या घरात रोगी अस्पृश्य कसा राहील?

भगताचा अंगारा नको. डॉक्टरांचे औषध वेळेवर द्या, पेज भरवा, उशाशी बसा. शेजारी आजारी पडला तर त्याची जात विचारू नका.