आलंबनावांचून भय

भय हें मूळचें दुःखद; मग मनुष्य तें पदरचे पैसे मोडून विकत कां घेतो, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाहीं. 'शाकुंतला'तील बाणाच्या भीतीनें पळणाऱ्या हरिणाचें उदाहरण घेऊन अभिनवगुप्तानें त्याचें उत्तर दिलें आहे. तेथें भय असतें, पण तें ना हरिणाचें, ना प्रेक्षकाचें. 'माझें-तुझें' गळून पडल्यामुळेंच तें आस्वाद्य होतें. नाटकापुरतें हें उत्तर मला पटतें. परंतु भीतीचे जे व्हिडिओ गेम हल्लीं तरुण मंडळी दिवे मालवून खेळतात, तेथें तें अपुरें पडतें. नाटकांतलें हरिण आपोआप पळतें. खेळांत मात्र आपण कळ दाबल्याखेरीज नायक एक पाऊलहि टाकीत नाहीं.

'कोनामी' या जपानी कंपनीनें १९९९ सालीं 'प्लेस्टेशन' यंत्रासाठीं काढलेला 'सायलेंट हिल' हा खेळ पाहावा. हॅरी मेसन नांवाचा एक साधा लेखक हरवलेल्या मुलीला शोधीत एका ओसाड गांवांत हिंडतो. त्या यंत्राची शक्ति तोकडी. दूरचे रस्ते व घरें रेखाटणें त्याला झेपत नसे, म्हणून पुढचें सारें दाट धुक्यानें झांकलें गेलें. गरिबीनें पांघरलेली ही चादरच त्या खेळाचें वैभव ठरली! हॅरीच्या खिशांत एक लहानसा रेडिओ असतो. राक्षस जवळ आला कीं तो खरखरूं लागतो; कोठून आला, हें मात्र सांगत नाहीं.

शास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें उद्दीपन भरपूर आहे, आलंबन तेवढें रोखून धरलें आहे. आणि 'वातावरण' म्हणतात तें माझ्या मतें हेंच. ती रिकामी जागा खेळणारा स्वतःच्याच मनांतील ऐवजानें भरून काढतो. राक्षस एकदां डोळ्यांपुढें उभा राहिला, त्यानें दोनदां मारलें व खेळ पुनः सुरू झाला, कीं भय ओसरून हिशेब सुरू होतो: गोळ्या किती उरल्या, वळसा कोणीकडून घ्यावा. किंकाळी फोडून चित्र अंगावर सोडणारे कारागीर म्हणूनच मला कमी प्रतीचे वाटतात. दचका काय, माकडालाहि बसतो.

मग 'माझें'च असलेलें हें भय खेळणारा सोडून कां उठत नाहीं? कारण त्याच्या जोडीला पुढें जाण्याचा निर्णयहि त्याचाच झालेला असतो. त्यानें कळ सोडली तर बाप धुक्यांत उभाच राहील. या अनुभवाला भयानक रस म्हणावें कीं नाहीं, हें पंडितांनीं ठरवावें; मला त्यांत उत्साहाचाच अंश अधिक दिसतो. स्वीडनच्या 'फ्रिक्शनल गेम्स'नें २०१० सालीं काढलेल्या 'अ‍ॅम्नीशिया: द डार्क डिसेंट' या खेळांत तर नायकाच्या हातीं शस्त्रच नाहीं. अंधारांत लपावें तर बुद्धि ढळूं लागते. कंदील लावावा तर तेल सरतें, व राक्षसालाहि दिसतें. त्याच्याकडे टक लावून पाहिलें तरी बुद्धि ढळतेच. म्हणून खेळणारा भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यांत बसतो आणि पाठीमागच्या पावलांचा कानोसा घेतो. तीं थांबलीं, कीं उठून दार त्यालाच उघडावयाचें असतें.