न वापरलेले तिकीट आणि न वाचलेला दस्त

‘डाउनटन ॲबी’ या इंग्लिश मालिकेत जॉन बेट्स हा ग्रँथमच्या अर्लचा खासगी नोकर आहे आणि त्याची पत्नी ॲना त्याच हवेलीत काम करते. चौथ्या पर्वात पाहुण्या लॉर्डबरोबर आलेला ग्रीन नावाचा नोकर ॲनावर बलात्कार करतो. नवऱ्याला कळले तर तो ग्रीनला मारील आणि फासावर जाईल, या भीतीने ती गप्प राहते. पुढे ग्रीन लंडनच्या पिकॅडिलीत रहदारीखाली सापडून मरतो, आणि बेट्सच्या जुन्या ओव्हरकोटाच्या खिशात लंडनचे रेल्वे तिकीट सापडते. अर्लची थोरली मुलगी मेरी ते जाळून टाकते. पाचव्या पर्वात बेट्स सांगतो की तिकीट काढले होते हे खरे, पण तो यॉर्कहूनच परतला. तिकीट न फाटलेले, अख्खे होते आणि तोच त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा ठरला असता. इथे प्रेक्षकांत वाद पेटला. प्रवास पुरा झाला की तिकीट स्टेशनवर जमा होते, मग ते खिशात राहिलेच कसे? ते परतीचे अर्धे तर नसेल? मेरीने जाळण्यापूर्वी ते नीट पाहिले कसे नाही? बाहेरून पाहणाऱ्याला हा रिकामटेकडेपणा वाटेल. तो तसा नाही. बेट्स यॉर्कला उतरून मागे वळला असेल, तर त्याने सूडापेक्षा ॲनाला मोठे मानले. तो लंडनला गेला असेल, तर तिने महिनोन् महिने गिळलेले दुःख फुकट गेले. या जोडप्याच्या प्रेमाचा सारा हिशेब कागदाच्या त्या तुकड्यावर मांडलेला आहे, आणि तो फाटला होता की नाही हे विचारणारा प्रेक्षक प्रेमाबद्दलच विचारत असतो.

तपशिलाचा प्रश्न हा प्रेमाचाच प्रश्न असतो, हा नियम ऐतिहासिक काळातल्या प्रेमकथेला विशेष लागू पडतो, असे मला म्हणायचे आहे. आजच्या काळातल्या प्रेमकथेत दोघांच्या आड त्यांचे स्वभाव येतात, गैरसमज येतात, फार तर आईबाप येतात. जुन्या काळातल्या प्रेमकथेत आड येतो तो काळ: वारसाचा कायदा, घटस्फोटाची अट, दर्जा, धर्म, वय. हा अडसर जितका खरा, तितकी त्याला भिडणाऱ्या माणसांची किंमत. अडसर कच्चा निघाला तर पडद्यावर उरतात ती सुंदर कपडे घालून विनाकारण रडणारी दोन माणसे. म्हणून अशा मालिकेच्या तपशिलावर हुज्जत घालणारा प्रेक्षक रसभंग करत नाही. कथेचा भार ज्या खांबावर आहे तो पोकळ तर नाही ना, हे तो पाहतो.

अर्थात सगळे तपशील सारख्या योग्यतेचे नसतात. 2014 च्या ऑगस्टमध्ये या मालिकेचे एक प्रसिद्धी-छायाचित्र आले. त्यात 1924 सालच्या दिवाणखान्यात शेकोटीवरच्या फळीवर पाण्याची प्लॅस्टिकची बाटली दिसत होती. जगभर हसू झाले. कलाकारांनीही खिलाडूपणे हातात बाटल्या धरून दुसरे छायाचित्र काढले आणि पाण्यासाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेला त्या निमित्ताने प्रसिद्धी दिली. ती बाटली तिथे असल्याने कोणाचे लग्न मोडले नाही की जुळले नाही. छपरावरचा टीव्हीचा अँटेना, रस्त्याकडेच्या पिवळ्या रेघा, 1920 च्या तोंडी न शोभणारा एखादा वाक्प्रचार, या चुका वेचण्यात मौज आहे, पण ती कोडे सोडवण्याची मौज. ज्या तपशिलाने पात्राचा निर्णय बदलतो, तोच वादाच्या लायकीचा.

या मालिकेतला सर्वांत मोठा तसा तपशील पहिल्याच भागात येतो. ज्युलियन फेलोज यांनी निर्माण केलेली ही मालिका आयटीव्हीवर 2010 पासून 2015 पर्यंत सहा पर्वे चालली. तिची सुरुवात 1912 च्या एप्रिलमध्ये होते. टायटॅनिक बुडाल्याची बातमी येते आणि त्या दुर्घटनेत अर्लचा वारस व त्या वारसाचा मुलगा पॅट्रिक गेल्याचे कळते. अर्ल रॉबर्टला तीन मुलीच. पदवी पुरुष वारसाकडेच जाणार, पण हवेली आणि जमीनही ‘एंटेल’ने त्या पदवीला बांधलेली, शिवाय त्याच्या अमेरिकन पत्नीने, कोराने, आणलेली अफाट संपत्तीही सासऱ्याने लग्नाच्या वेळी त्याच बंधनात घालून ठेवलेली. त्यामुळे सगळे जाणार मॅथ्यू क्रॉली या दूरच्या नात्यातल्या, मँचेस्टरमध्ये वकिली करणाऱ्या तरुणाकडे. मेरी आणि मॅथ्यूची प्रेमकथा जन्मते ती इथे: जो तिचे सर्वस्व घेणार, त्याच्यावरच तिचे मन बसते. साहजिकच प्रेक्षकांनी विचारले, हे बंधन मोडता येत नव्हते का? रॉबर्टची आई, म्हातारी व्हायोलेट, पहिल्या पर्वभर हेच विचारते. मॅथ्यू स्वतः वकील असून कागद पाहून उत्तर देतो की काही करता येणार नाही.

इंग्लंडच्या कायद्यातले उत्तर मात्र इतके सरळ नाही. 1833 च्या कायद्याने एंटेल मोडण्याची सोय रीतसर दस्त करून उपलब्ध झाली होती. पण जमीनदार घराण्यांनी त्यावर तोड काढलेली होती: दर पिढीत थोरला मुलगा सज्ञान झाला की बाप आणि मुलगा मिळून जुने बंधन मोडत आणि लगेच नवे बांधत. त्यात मुलाच्या वाट्याला फक्त हयातीपुरता उपभोग येई आणि पूर्ण हक्क पुढच्या पिढीकडे सरके. रॉबर्टची स्थिती अशी असेल, तर तो एकटा काही मोडू शकत नाही, हे बरोबर. पण मग पुढचा हक्कदार मॅथ्यू आहे, आणि तो सज्ञान आहे. हयातीपुरता हक्क असलेल्याची संमती असेल तर पुढच्या हक्कदाराला बंधन मोडता येते, असेही तोच कायदा सांगतो. म्हणजे दोघांनी मनात आणले असते तर मेरीला, निदान कोराच्या संपत्तीला, मोकळे करता आले असते. मालिकेत मूळ दस्त कधीच वाचून दाखवला जात नाही, म्हणून हा वाद शेवटपर्यंत मिटत नाही. पण तो घातल्याचे फळ मोठे आहे. कायद्याची भिंत म्हणून जी समोर उभी केली गेली, तिच्या आत दोन पुरुषांची इच्छा लपलेली होती हे त्यातून दिसते. रॉबर्ट स्वतःला मालक मानत नाही, पूर्वजांच्या ठेवीचा राखणदार मानतो. इस्टेटीचे तुकडे होऊ द्यायचे नाहीत, हा त्याचा धर्म आहे आणि त्यापुढे मुलगी दुय्यम आहे. नाइलाज वाटणारी गोष्ट निवड ठरली की पात्र बदलते. अंथरुणात वाचत पडलेला, कुत्र्यावर जीव असलेला तो प्रेमळ बाप मग तितकासा निष्पाप राहत नाही. हे शोधण्याचे श्रेय मी पटकथेपेक्षा चिकित्सक प्रेक्षकाला देईन.

दुसरी मुलगी ईडिथ हिच्या कथेत कायदा याहून उघड आहे. तिचा प्रियकर मायकेल ग्रेगसन हा संपादक. त्याची पत्नी वेड्यांच्या इस्पितळात. इंग्लंडमध्ये तेव्हा वेड हे घटस्फोटाचे कारण नव्हते. ते 1937 च्या कायद्याने झाले. जर्मनीत 1900 पासून लागू असलेल्या नागरी संहितेत ते कारण होते. म्हणून ग्रेगसन जर्मन नागरिकत्व घेण्यासाठी म्युनिकला जातो. ज्या देशाशी नुकतेच चार वर्षांचे युद्ध झाले, त्याचे नागरिकत्व! तिथे नाझी गुंडांच्या मारहाणीत तो मरतो आणि ईडिथच्या पदरात लपवून ठेवायची मुलगी उरते. ही गुंतागुंत ओढूनताणून आणलेली आहे अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. कायदा समजून घेतल्यावर ती तक्रार उरत नाही. पंधरा वर्षे उशिरा जन्मले असते तर ही दोघे निमूटपणे लग्न करून मोकळी झाली असती. बेट्सच्या पहिल्या लग्नाचेही तसेच. त्या काळी नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार एवढे एक कारण पुरे होते. पत्नीला त्याखेरीज क्रौर्य किंवा परित्याग अशी जोड द्यावी लागे, आणि ही विषमता 1923 मध्ये गेली. उभयतांनी संगनमत केल्याचे दिसले तर मात्र घटस्फोट कोणालाच मिळत नसे. बेट्सने आपल्याला पैसे चारले असे त्याची पत्नी व्हेरा सांगते आणि हातात आलेला हुकूम निसटतो. दोघांनाही नको असलेला संसार केवळ दोघांचे एकमत झाले म्हणून मोडता येत नाही, असा हा अजब न्याय होता. तो माहीत नसेल तर व्हेरा नुसती खलनायिका वाटते. माहीत असेल तर तिच्या हातातले शस्त्र कोणी दिले हेही कळते.

यावर खरा आक्षेप असा घेता येईल की एवढे बारीक विणकाम लेखकाच्या मनात नसतेच. मॅथ्यू 1921 साली मुलाच्या जन्माच्या दिवशी मोटार अपघातात मरतो, तो इतिहासाच्या कोणत्या नियमाने? डॅन स्टीव्हन्स या नटाला मालिका सोडायची होती म्हणून. दर आठवड्याला रडवायचे आणि पुढच्या आठवड्याला परत बोलवायचे, हा मालिकेचा धंदा. तिथे संगती शोधणे भाबडेपणाचे. आक्षेपात तथ्य आहे. दुसऱ्या पर्वात चेहरा भाजलेला एक कॅनेडियन अधिकारी येतो, मीच टायटॅनिकवर बुडालेला पॅट्रिक असे म्हणतो, ईडिथचा विश्वास मिळवतो आणि एक चिठ्ठी ठेवून निघून जातो. तो खरा असता तर मॅथ्यूचा वारसा, मेरीचे लग्न, सगळेच कोसळले असते. मालिका त्याचे उत्तर देत नाही आणि पुढे त्याचे नावही काढत नाही. मला हा निव्वळ हलगर्जीपणा वाटतो. पण यातून वाद व्यर्थ ठरत नाही. लेखक कोणत्या कारणाने वळला हे निर्मितीच्या इतिहासात पाहावे. वळल्यावर कथा उभी राहते की नाही हे कथेतच पाहावे लागते. मॅथ्यू गेल्यावर त्याने लिहून ठेवलेले एक पत्र सापडते, ते मृत्युपत्र ठरते आणि मेरी इस्टेटीतल्या त्याच्या हिश्श्याची मालकीण होते. ज्या मुलीला पहिल्या भागात काहीच मिळणार नव्हते, तिच्या हाती सूत्रे येतात ती प्रेमातून आलेल्या कागदाने. नट गेला म्हणून हे सुचले असेल, पण कथेतल्या मूळ प्रश्नाला ते चोख उत्तर आहे. पॅट्रिकच्या प्रसंगाला उत्तर नाही. हा फरक सांगता येतो तो तपशील लक्षात ठेवणाऱ्यालाच.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो. काट्याचमच्यांची अचूकता हे या मालिकेचे मोहजाल आहे, तिच्यात गुंतलेला प्रेक्षक हवेलीच्या पायाशी असलेली विषमता विसरतो, असे तो म्हणतो. मालिकेचे चित्रण जिथे झाले त्या हायक्लेअर कॅसलच्या दिवाणखान्यांकडे डोळे विस्फारून पाहणाऱ्यांना हे लागू पडते. ही मालिका मालकांविषयी फारच दयाळू आहे, हेही खरे. पण त्या गोडव्याला छेद देणारा प्रश्न तपशिलातूनच निघतो: कोराच्या संपत्तीवर कोराचीच सत्ता का नाही? ॲना पोलिसांकडे का जाऊ शकत नाही?

मराठी प्रेक्षकाला या वादात रस असायला कारण आहे. ऐतिहासिक मालिका आपल्याकडेही भरपूर झाल्या आणि त्यांच्यावर वादही झाले, पण ते बहुधा भलत्याच ठिकाणी. 2015 साली ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या, त्यावर रान उठले. पेशव्यांच्या घरातली स्त्री अशी नाचेल का, हा प्रश्न अब्रूचा होता. त्या प्रेमकथेचा अडसर जिथे खरोखर आहे, तिथे चर्चा फारशी पोचलीच नाही. मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर पेशव्याचा मुलगा असूनही त्या गादीच्या हिशेबात कधीच नव्हता. त्याच्या वाट्याला बुंदेलखंडातली जहागीर आली आणि 1761 मध्ये पानिपतच्या युद्धात तो कामी आला. लग्न कोणाचे मान्य, मूल कोणत्या धर्माचे, वाटा कोणत्या कागदाने मिळतो, हे प्रश्न ‘डाउनटन’च्या प्रेक्षकाने पहिल्याच आठवड्यात विचारले असते. ‘उंच माझा झोका’ ही झी मराठीवरची 2012 ची मालिका रमाबाई आणि महादेव गोविंद रानडे यांच्या सहजीवनाची. 1873 मध्ये लग्न झाले तेव्हा रमाबाई साधारण अकरा वर्षांच्या होत्या, रानडे तिशी ओलांडलेले विधुर, आणि विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका लहान मुलीशी लग्न केले होते. पुढे त्यांच्यात जो जिव्हाळा निर्माण झाला तो या आरंभाकडे काणाडोळा करून समजणारच नाही.

आपल्या अडचणीचे एक कारण समजण्यासारखे आहे. मेरी क्रॉली कोणाची पणजी नाही, त्यामुळे तिच्याविषयी निर्धास्त भांडता येते. रमाबाई आणि मस्तानी होऊन गेलेल्या आहेत, त्यांचे वंशज आहेत, अनुयायी आहेत. पण त्यामुळे तर तपशिलाची गरज वाढते. काल्पनिक अर्लविषयी चूक झाली तर नुकसान एका कथेचे, खऱ्या माणसांविषयी झाली तर समजुतीचे. मराठी मालिकाकारांनी म्हणूनच पुढच्या वेळी नऊवारीच्या काठाबरोबर दस्तऐवजांसाठीही एक जाणकार नेमावा, आणि प्रेक्षकांनी पात्रांच्या अब्रूचा निवाडा करण्याआधी कोणाला काय मिळाले आणि कोणाला का नाही मिळाले, ते विचारावे.