पत्रा कापण्याआधी

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातून चारचाकी बनवली. खर्च ६० हजारांच्या आसपास. दुचाकीसारखी किक मारली की सुरू. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण सोबत हेही सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील. त्यापेक्षा ती द्या आणि बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये तशी अदलाबदल झालीही.

या गोष्टीवर आमच्या मनवेलपाड्यात दोन तट पडले. एक म्हणे, स्वतःच्या हातची वस्तू, तिचा आकार कसा असावा हे दुसऱ्याने का सांगावं? दुसरा म्हणे, रस्ता काय एकट्याचा आहे? मला दोन्ही पटतं. म्हणूनच प्रश्न अवघड. आपल्या मालकीच्या वस्तूवर आपला हक्क कुठवर?

शेजारच्या चाळीतला एक पोरगा जुनी प्रीमियर पद्मिनी घरच्या घरी उभी करतोय. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी मुंबईची टॅक्सी म्हणून कोण ओळखत नाही? शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पोरगा म्हणाला, "काका, छप्पर कापून उघडी करतो, एकदम झकास दिसेल."

तिथेच बसलेल्या डेंटिंगवाल्याने त्याला समजावलं. जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते, भार ती उचलते. तिचं छप्पर काढलं तरी चालतं. पद्मिनीला तशी चासी नाही. पत्र्याचा अख्खा सांगाडाच भार पेलतो. छप्पर कापलं की मधोमध कमजोर होणार, दारं धड लागायची नाहीत.

कायद्याचंही म्हणणं आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळा नियम झाला, पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नसेल तरच व्हिंटेज म्हणून नोंद.

मग काय, मूळ तेच पवित्र? तसं मला वाटत नाही. नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप बघितला की मला मिलिंदप्रश्नातला रथ आठवतो. नागसेन भिक्षू राजाला विचारतात, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? एकटं काहीच रथ नाही. सगळं जुळून आलं की त्याला रथ म्हणायचं.

आमच्या बैलगाडीचंही तसंच. आजोबांच्या वेळची गाडी. आरे बदलले, धाव बदलली, भाताचे भारे वाढले तेव्हा बापाने साटी रुंद केली. तरी गाडी आमचीच. गरजेप्रमाणे वस्तू बदलणं शेतकऱ्याच्या अंगातच असतं. पण साटी रुंद करण्याआधी बापाने वाकून आस तपासला होता. वाढलेला भार तो झेलेल का, हे आधी बघितलं.

मला विचाराल तर हक्काची हद्द तिथे आहे. शोभेचा भाग आपल्या मर्जीचा. पण ज्या पत्र्यावर दुसऱ्याचा जीव बसणार, तो आपल्या पैशाने घेतला असला तरी एकट्या आपला नाही.

याची परीक्षा छपरापेक्षा गंजात होते. आमच्याकडची हवा खारी, पत्रा तळातून सडतो. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा, की लांबी भरून वर रंग मारायचा? वरून दोन्ही सारखंच दिसतं. मागे बसणाऱ्या पोराबाळांना कसं कळणार? आणि न कळणाऱ्याला फसवणं सगळ्यात सोपं.

पोराला मी एवढंच म्हटलं, "रंग तुझ्या मनाचा दे, फक्त आरटीओच्या कागदावर चढव."

छप्पर अजून जागेवर आहे. तळाचा पत्रा मात्र त्याने कापून नवा लावलाय. गाडी रंगवल्यावर तो कुणालाच दिसणार नाही.