गळा कोणाचा?

गुरूने शिष्याला द्यावयाचे ते काय? आपली गायकी, की त्याचा त्यालाच सापडलेला गळा? आपल्या जोयडा तालुक्यात बऱ्याच मुलांची पहिली संगीतशाळा म्हणजे भजन. तेथे मूल चुकले तरी टाळ थांबत नाहीत. पुढच्या ओळीला ते पुन्हा मिसळते. वर्गात मात्र तेच मूल स्वर लावण्यापूर्वी गुरुजींचा चेहरा न्याहाळते.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, बालपणीच थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात. एवढ्यावर टाळ्या मिळत होत्या. पुढे ते मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकू लागले. देवधर स्वतः पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. तरीही एकाच घराण्याची चौकट त्यांनी या मुलावर लादली नाही. नाना घराण्यांचे गाणे त्याच्या कानांवर पडू दिले.

यात शिस्त सैल होते, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. नक्कल उतरवून घेणे सोपे (आम्ही कचेरीत आयुष्यभर 'खरी नक्कल' म्हणून सह्याच केल्या!), शिष्याला निवड करावयास शिकविणे कठीण, कारण त्यासाठी गुरूला आधी त्याचे ऐकावे लागते.

पुढे क्षयाने कुमारांची ऐन उमेदीची काही वर्षे हिरावली, एक फुप्फुस निकामी झाले. उरलेल्या श्वासाला पेलेल असे गाणे त्यांनी घडविले. ते कोणत्या गुरूच्या वहीत आयते सापडले असते?