मांजर

आमच्या वडिलांना पूजेला ताजी फुलं लागत आणि ती शेजाऱ्याच्या कुंपणातलीच लागत. घरच्या तगरीवर त्यांच्या देवाचा जीव नव्हता. एका सकाळी शेजारच्या काकांनी मला फाटकाशी गाठलं. "काय रे, आमची जास्वंद कोण नेतं?" मी चौथीत होतो. आदल्याच दिवशी 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य पाटीवर दहा वेळा गिरवलं होतं. मी म्हणालो, "मांजर."

हे पाप मी बरीच वर्षं वागवलं. मग कन्फ्यूशियस भेटला (पुस्तकात) आणि जरा हलकं वाटलं. ये प्रांताचा अधिपती त्याच्यापुढे फुशारकी मारत होता, की आमच्याकडे एक असा सरळ माणूस आहे, बापानं मेंढी चोरली तर त्यानं स्वतः साक्ष दिली! कन्फ्यूशियसला काही ते कौतुक वाटलं नाही. बापलेकांनी एकमेकांचं झाकावं, त्यातच सरळपणा, असं त्याचं मत पडलं.

यावर चिडले हान फेई. काळ इ.स.पू. तिसरं शतक. त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत प्रधान त्या साक्षीदार पोरालाच मारतो, पितृद्रोही म्हणून. आणि पुढे त्या राज्यात चोऱ्या सरकारला कळेनाशाच होतात. बापाचा गुणी मुलगा राजाच्या कामाचा नाही, हे त्यांचं गणित. खरं सांगू? खुर्चीत बसून पाहिलं तर पटतं. जास्वंदवाल्या काकांनाही पटलं असतं.

छिन राज्यानं ते करूनही पाहिलं. घरांचे गट पाडले. शेजाऱ्याचा गुन्हा कळवला नाही तर आपल्यालाही शिक्षा. इ.स.पू. २२१ मध्ये सारा चीन एक केला आणि पंधराएक वर्षांत राजघराणं बुडालं. मग हान सम्राटानं इ.स.पू. ६६ मध्ये आईबापाचा गुन्हा झाकणाऱ्या मुलाला माफी दिली. थांग काळात तर बापाची चहाडी करणाऱ्याला फास! राजद्रोह तेवढा वगळून. राजा शेवटी राजाच.

सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) पुन्हा मुलं आईबापांविरुद्ध उभी राहिली. २०१२ साली कायदा बदलला: नवराबायको, आईबाप, मुलं यांना साक्षीसाठी जबरदस्तीनं कोर्टात आणता येत नाही. सवलत कोर्टात हजर राहण्यापुरतीच, पण आली खरी.

आणि २०१३ पासून चीनच्या सर्वोच्च न्यायालयाची यादी आहे, कोर्टाचा हुकूम होऊनही पैसे न देणाऱ्यांची. नाव लागलं की विमानाचं तिकीट नाही, वेगवान रेल्वेचं नाही, पोराला महागड्या खासगी शाळेतही घालायचं नाही. इथे लेकाला कुणी फाटकाशी गाठून विचारत नाही. त्याला 'मांजर' म्हणायचीसुद्धा संधी नाही.

एक मात्र कन्फ्यूशियसला विचारायचं राहिलं. लेक झाकतो ते प्रेमानं की भीतीनं? आमच्या वडिलांचा हात जड होता.

काकांनी मांजरासाठी कुंपणाला बाभळीचे काटे लावले. दुसऱ्या दिवशी वडील फाटकं धोतर सावरत घरी येत होते. काका ओट्यावरून म्हणाले, "मांजर बरंच उंच दिसतंय हो!"